सायकल फुटपाथवर की रस्त्यावर?

जूनमध्ये भाची सातवीत गेली आणि तिला सायकल मिळाली. शाळा घरापासून अडीच किलोमीटर, पुण्यात कोथरूडातच. सायकलचं प्लॅस्टिक अजून निघालं नव्हतं तेव्हाच ताईने हुकूम काढला, "मेन रोडवर उतरायचं नाही. फुटपाथवरूनच जायचं." भावोजींचं म्हणणं उलट. "फुटपाथ चालणाऱ्यांचा असतो. आम्ही काय फुटपाथवरून जायचो शाळेत?" "तुमच्या वेळी रस्त्यावर होतं कोण?" असं ताईने विचारल्यावर ते पेपरात डोकं घालून बसले. मी गेली सहा वर्षं सायकलने कामाला जातो, एवढ्या एकाच पात्रतेवर मला पंच नेमण्यात आलं.

रविवारी सकाळी भाचीला घेऊन मी तो रस्ता पालथा घातला. जाताना फुटपाथवरून, येताना रस्त्यावरून. निकाल आधीच सांगून टाकतो: सायकल रस्त्यावरच. पण मागून येऊन कुणीतरी उडवेल ही ताईची भीती खुळी नाही, म्हणून निकालाला दोन पोटप्रश्न चिकटलेले आहेत. रस्ता कुठला आणि चालवणारा कोण.

आधी कायदा बघू, कारण तो छोटा आहे.

सायकल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या 'मोटार वाहना'त बसत नाही. म्हणून तिला लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही, पीयूसी नाही. यावरून बऱ्याच जणांचा समज असा झालेला असतो की सायकलवाला म्हणजे चाकं लावलेला पादचारी. वाटेल तिथे चढावं, वाटेल तिथे उतरावं. महाराष्ट्रात तरी हे साफ चूक आहे. इथे १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम लागू आहे, त्यालाच आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्यातल्या 'वाहन' शब्दाच्या व्याख्येत सायकलचं नाव घेतलेलं आहे. आणि कलम १०३ म्हणतं की बाबागाडी सोडून कुठलंही वाहन किंवा जनावर पदपथावर चालवायचं नाही, ढकलत न्यायचं नाही आणि तिथे सोडूनही जायचं नाही. म्हणजे घोडा असो की हर्क्युलस सायकल, दोघांनाही मज्जाव. (शेवटचं पुन्हा वाचा: सोडूनही जायचं नाही. फुटपाथवर ओळीने लावलेल्या स्कूटर डोळ्यांपुढे आल्या ना?)

जुन्या लोकांना हे कायदा न वाचताच ठाऊक होतं. माझ्या वडिलांच्या सायकलचा पत्र्याचा बिल्ला आईच्या शिवणाच्या डब्यात अजून आहे. सायकलचा कर भरायचा, बिल्ला घ्यायचा आणि सायकलला अडकवायचा. रात्री दिवा नसला तर पोलीस पकडायचा, डबलसीट दिसलं तर पकडायचा, फार वाद घातला तर चाकातली हवा सोडायचा. जिच्यावर कर आणि जिला दिव्याची सक्ती, ती गाडीच की. बिल्ला बंद झाला आणि त्याच्याबरोबर ही समजही पुसट होत गेली.

इंग्लंडमध्ये तर आणखी गंमत आहे. फुटपाथवर गाडी चालवायला बंदी करणारा तिथला कायदा १८३५ चा, म्हणजे पेडलची सायकल जन्माला येण्याआधीचा. पुढे सायकली आल्या तेव्हा ही गाडी म्हणायची की नाही असा घोळ झाला. शेवटी १८८८ मध्ये दुसऱ्या एका कायद्याने सायकल ही गाडीच, असं ठरवून टाकलं आणि जुनी बंदी आपोआप तिच्या गळ्यात पडली.

आपल्याकडच्या ताज्या घडामोडी दोन. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा, अडथळा नसलेला फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. आणि बिनइंजिनाच्या गाड्या नि पादचारी यांच्यासाठी नियम करायचा जो अधिकार राज्यांना २०१९ च्या दुरुस्तीने मिळाला होता, तो सहा महिन्यांत वापरा असं त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना बजावलं.

कायदा झाला. पण ताईला कायद्याशी घेणंदेणं नव्हतं. "दंड भरीन मी," ती म्हणाली, "पोरगी धड घरी आली पाहिजे." तिचं बरोबर आहे. तेव्हा खरा प्रश्न असा की फुटपाथवर सायकल खरंच सुरक्षित असते का?

गेटपाशी काय होतं

पहिले शंभर मीटर झकास गेले. मग विजेच्या डीपीचा बॉक्स आला, तिथे उतरलो. मग पेव्हर ब्लॉक उखडलेला पट्टा, मग वडापावच्या गाडीपुढची गर्दी, मग एक झाड. भाची दर दोन मिनिटांनी फुटपाथ सोडून रस्त्यावर उतरत होती आणि पुन्हा चढत होती, आणि उतरताना एकदाही मागे बघत नव्हती. पहिला धडा इथेच मिळाला. फुटपाथवरचा सायकलवाला सगळा वेळ फुटपाथवर राहूच शकत नाही. तो मधूनच रस्त्यावर टपकतो, आणि मागच्या गाडीवाल्याला तो येणार हे कळायला काहीच वाव नसतो.

दुसरा धडा एका सोसायटीच्या गेटपाशी. मी तिला सायकलवरून उतरवलं आणि म्हटलं, आपण दहा मिनिटं इथे नुसतं उभं राहायचं आणि बाहेर पडणाऱ्या गाड्या बघायच्या. एक पांढरी हॅचबॅक आली. कुंपणाची भिंत डोक्याच्या वर, तिच्यावर बोगनवेल. गाडीचं नाक आधी बाहेर आलं. ड्रायव्हरचे डोळे नाकाच्या मागे दीड-दोन मीटरवर असतात. म्हणजे भिंतीपलीकडचा फुटपाथ त्याला दिसू लागला तेव्हा गाडीचं नाक जवळजवळ सगळा फुटपाथ व्यापून बसलेलं होतं. आणि तेव्हाही तो उजवीकडे रस्त्याकडे बघत होता, कारण गाड्या तिकडून येणार. फुटपाथकडे त्याचं लक्ष गेलंच नाही. भाची म्हणाली, "मामा, त्याने आपल्याकडे बघितलंच नाही."

चालणाऱ्या माणसाचं इथे निभावतं. तो ताशी पाच किलोमीटरने येत असतो, एका पावलात थांबतो. सायकल अगदी शाळकरी वेगाने, ताशी पंधराने आली तरी सेकंदाला चार मीटर जाते. नाक दिसलं, मेंदूला कळलं, बोटं ब्रेकवर गेली, तोवर ते चार मीटर संपलेले असतात. ब्रेक लागायला पुढची जागा वेगळी. तीच सायकल रस्त्यावर असती तर भिंतीपासून तीन-चार मीटर बाहेर असती. ड्रायव्हर ज्या दिशेला बघतो त्याच दिशेला असती, आणि त्याचं नाक रस्त्याला लागायच्या आत त्याच्या नजरेत आली असती.

अडीच किलोमीटरमध्ये एका बाजूला आम्ही गेटं, गल्ल्या आणि दुकानांचे रॅम्प मिळून एकोणतीस मोजले. ताईची भीती मागच्या गाडीची होती. फुटपाथवर गेल्याने मागची गाडी टळते हे खरं, पण तिच्या बदल्यात बाजूने येणारे हे एकोणतीस प्रसंग पदरात पडतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो शहराचा या विषयावरचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात चौकाचौकांतल्या सायकल-मोटार टकरी तपासल्या होत्या. फुटपाथवरून येणाऱ्या सायकलवाल्याचा धोका रस्त्यावरच्यापेक्षा साधारण १.८ पट निघाला, आणि जे फुटपाथवरून उलट दिशेने येत होते त्यांचा त्याहूनही जास्त. पालो अल्टो आणि पुणे यांत अंतर बरंच आहे, पण भिंत, गेट आणि माणसाची मान एकाच बाजूला वळणं हे दोन्हीकडे सारखंच.

तिसरा धडा एका आजोबांनी दिला. हातात भाजीची पिशवी, पाठमोरे. भाचीने मागून घंटी वाजवली. आपल्याकडे पुढच्याला मागून घंटी ऐकू आली की तो हमखास ज्या बाजूने तुम्ही जाणार त्याच बाजूला सरकतो. आजोबांनीही तेच केलं. टक्कर झाली नाही, पिशवीतली दोन लिंबं तेवढी गडगडत गेली. ती मी उचलून दिली. आजोबा भाचीला काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघून म्हणाले, "अहो, लहान आहे ती. तुम्हाला कळायला नको?" यावर मराठीत उत्तर नाही.

फुटपाथच्या रुंदीचा हिशेबही करून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. सायकलचं हँडल साठ-पासष्ट सेंटिमीटर, पण चालती सायकल थोडी डुलते, तिला मीटरभर जागा लागते. पिशवी घेतलेला एक माणूस पाऊण मीटर. बेरीज झाली पावणेदोन. म्हणजे कागदावरच्या आदर्श फुटपाथवरसुद्धा एक सायकल आणि एक आजोबा एकमेकांना जेमतेम घासून जाणार, समोरून दुसरं कुणी येत नसेल तर. आणि आदर्श फुटपाथ शोधायला आपल्याला निघावं लागतं.

चालणाऱ्यांची बाजू मी एवढी का लावून धरतो आहे? २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ३२,८२५ चालणारी होती. जवळपास पाचातलं एक. ज्यांच्याकडे आधीच सर्वांत कमी जागा आहे त्यांच्याच जागेत जाऊन आपण आपला जीव वाचवतो आहोत, हे मला सायकलवाला म्हणून पटत नाही.

मागून येणाऱ्या गाडीचं काय?

आता ताईच्या भीतीकडे येऊ. धोका गाडीच्या वेगात असतो, त्याहून जास्त तो दोघांच्या वेगातल्या फरकात असतो. सायकल १५ ने आणि मागची गाडी ३० ने असेल तर फरक १५ चा. ड्रायव्हरला तुम्ही दिसल्यावर ब्रेक मारायला, बाजूने काढायला वेळ मिळतो. गाडी ५० ने असेल तर फरक ३५ चा होतो, आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की मार चौपट. म्हणूनच शहरात जिथे चालणारे, सायकलवाले आणि मोटारी एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अ‍ॅम्स्टरडॅमने डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या बहुतेक रस्त्यांवर ती लावली. त्या देशात साधारण हिशेब असा असतो की ३० च्या गल्लीत सायकल आणि मोटार एकत्र चालतील, पण ५० चा रस्ता असेल तर सायकलला वेगळी वाट पाहिजे.

हाच हिशेब आपल्या रस्त्यांना लावा. सकाळी शाळेच्या वेळेला कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना गाड्या मुंगीच्या पायांनी सरकत असतात. तिथे सायकल अडचणीची वाटते, पण मागून भरधाव येऊन उडवायला कुणाला जागाच नसते. आतल्या गल्ल्यांत तर प्रश्नच नाही. याउलट नवले पुलाच्या बाजूचा बायपास. तिथे ट्रक उतारावरून येतात, रात्री अंधार असतो, आणि मागून धडक बसण्याची भीती तिथे पुरेपूर खरी आहे. असल्या रस्त्यावर मी स्वतः सायकल घालत नाही. वाट वाकडी करतो, लांबून जातो, आणि अगदीच गत्यंतर नसेल तर उतरून कडेने हातात धरून नेतो. कलम १०३ प्रमाणे फुटपाथवर ढकलत नेणंही बसत नाही, हे मला माहीत आहे. पण हातातली सायकल चालण्याच्या वेगाने जाते आणि आजोबांची लिंबं सांडत नाही.

रस्त्यावर चालवायची तर कशी, हे मात्र कुणी शिकवत नाही. लहानपणी आपल्याला एकच मंत्र मिळतो: कडेकडेने जा. हा मंत्र अर्धाच बरोबर आहे. अगदी कडेला काय असतं? वाळू, गटाराची जाळी, चेंबरचं खचलेलं झाकण, पावसाळ्यात डबकं, आणि उभ्या गाड्या. उभ्या गाडीचं दार मीटरभर उघडतं, आणि आतला माणूस आरशात बघून दार उघडणारा निघेल याची खात्री नाही. म्हणून डावीकडेच, पण कडेपासून आणि उभ्या गाड्यांपासून मीटरभर सोडून, सरळ रेषेत. दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या खोबणीत शिरायचं आणि पुन्हा बाहेर यायचं, असं नागमोडी जाणारा सायकलवाला मागच्याला कळत नाही. सरळ जाणारा कळतो. मागून हॉर्न वाजेल. वाजू दे. हॉर्न वाजवतो आहे म्हणजे त्याने तुला पाहिलं आहे, असं मी भाचीला सांगितलं, आणि हे वाक्य तिला सगळ्यात जास्त आवडलं.

दुसरी गोष्ट, डंपर, काँक्रीट मिक्सर आणि बस यांची डावी बाजू. ट्रकवाल्यांच्या भाषेत ती क्लीनरची बाजू. हे नावच सांगतं की ती बाजू बघायला पूर्वी एक वेगळा माणूस बसायचा. आता बऱ्याच डंपरवर क्लीनर नसतो, आणि ड्रायव्हरला केबिनखालची तेवढी जागा दिसत नाही. सिग्नलला डंपर उभा आहे, त्याच्या डावीकडे फटीत जागा आहे, आपण पुढे सरकतो, सिग्नल सुटतो, डंपर डावीकडे वळतो. मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं आणि ती फट बंद होते. एवढी एकच गोष्ट मी भाचीकडून तीनदा वदवून घेतली: मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढे जायचं नाही, मागे थांबायचं. शाळेला उशीर झाला तर चिठ्ठी मामा देईल.

आणि राँग साइड. "दोनशे मीटरसाठी कोण वळसा घालणार" हे आपलं आवडतं वाक्य. १५ ने जाणाऱ्या सायकलला ४० ची गाडी मागून येते तेव्हा अंतर ताशी २५ ने कमी होतं. समोरून येते तेव्हा ५५ ने. शिवाय गल्लीतून डावीकडे वळणारा फक्त उजवीकडे बघतो, आणि तुम्ही त्याच्या डावीकडून येत असता. पांढऱ्या हॅचबॅकची गोष्ट पुन्हा तीच.

लहान मुलं आणि मोठी माणसं

राहिला दुसरा पोटप्रश्न. सहा वर्षांच्या मुलाला रस्त्यावर घाला असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. जर्मनीत याचा नियम स्पष्ट आहे: आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलांनी फुटपाथवरूनच सायकल चालवायची, दहा पूर्ण होईपर्यंत चालवली तरी चालेल, त्यानंतर रस्ता. लहान मुलाबरोबरच्या मोठ्या माणसालाही २०१६ पासून फुटपाथवर परवानगी आहे. आणि त्या नियमातली मला आवडलेली बाब म्हणजे रस्ता ओलांडताना मुलांनी सायकलवरून उतरायचं. फुटपाथवरचा धोका तो संपतो तिथे असतो, हे त्यांनी नेमकं पकडलंय.

जपानची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. १९६० च्या दशकात तिथे मोटारी भराभर वाढल्या, सायकलवाले मरू लागले, तेव्हा १९७० मध्ये कायदा बदलून ठरावीक फुटपाथवर सायकलींना परवानगी दिली. तेवढ्यापुरती सोय होती, ती सवय झाली. कायद्यात सायकल अजूनही गाडीच आहे आणि तिची जागा रस्ताच आहे. तेरा वर्षांखालची मुलं, सत्तरीपुढची माणसं आणि अपंग यांना फुटपाथवर मुभा आहे, तीही रस्त्याच्या बाजूने, हळू आणि पादचाऱ्याला आधी जाऊ देऊन. पण अर्धं शतक सगळेच फुटपाथवरून जात राहिले. मग चालणाऱ्यांच्या तक्रारी, टकरी, आणि शेवटी १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षं आणि पुढच्या सायकलवाल्यांना नियम मोडल्याबद्दल दंडाच्या पावत्या. गाड्यांचा वेग कमी करायचं किंवा सायकलला वेगळी वाट द्यायचं अवघड काम टाळून चालणाऱ्यांच्या जागेतून वाटा दिला, तर ते देणं पुढच्या पिढीला असं फेडावं लागतं.

आपल्याकडेही फुटपाथच्याच पातळीवर सायकल ट्रॅक आखण्याची पद्धत पडली आहे. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर रुंद फुटपाथ झाले, बसायला बाक आले, झाडं राखली गेली. चालायला तो शहरातल्या सर्वांत चांगल्या रस्त्यांपैकी एक आहे. तिथला सायकल ट्रॅक मात्र चालणाऱ्याला फुटपाथचाच भाग वाटतो. रंग बदलतो, पातळी बदलत नाही. सायकलवाल्याने घंटी वाजवली की चालणारा दचकतो, आणि चालणाऱ्याची काही चूक नसते. सायकलची वाट रस्त्याच्या पातळीवर किंवा दोन्हींच्या मधल्या पायरीवर हवी, गाड्यांपासून कडा घालून वेगळी केलेली, आणि गेटपाशी गाडीवाल्याला आधी दिसेल अशी.

आता यात आणखी एक पाहुणा आला आहे. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ च्या आतली बॅटरीची दुचाकी नियमाप्रमाणे मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स नको, नंबर नको. म्हणजे कागदावर ती सायकलची बहीण. पण ती वजनाने दणकट असते आणि आवाज अजिबात नाही. ही मंडळी फुटपाथवर चढली की आजोबांना घंटीचाही आधार उरत नाही.

भाची बारा वर्षांची आहे. जर्मनीत ती रस्त्यावर असती, जपानमध्ये अजून वर्षभर फुटपाथवर चालली असती. आम्ही तिसरंच केलं. मेन रोड फक्त पाचशे मीटर ठेवला, बाकी वाट आतल्या गल्ल्यांतून काढली. त्याने अंतर अडीचचं तीन किलोमीटर झालं. दोन ठिकाणी, नळ स्टॉपच्या उड्डाणपुलाकडे जाणाऱ्या गाड्या जिथे दोन बाजूंना फुटतात तिथे आणि शाळेसमोर रस्ता ओलांडताना, उतरून सायकल हातात. सायकलला मागे लाल दिवा, दिवसाही चालू. भावोजींनी माझ्या वडिलांचा तो बिल्ला मागून घेतला आणि तारेने तिच्या हँडलला बांधला. तो काही कामाचा नाही, पण तिला तो फार भारी वाटतो.

पहिला आठवडाभर ताई स्कूटर घेऊन तिच्या मागेमागे गेली, तिच्याच वेगाने, कडेपासून मीटरभर सोडून. शुक्रवारी संध्याकाळी तिचा फोन आला. "अरे, तिला कुणी काही बोलत नाही. सगळे हॉर्न मलाच मारतात."